मेदोरोग, निद्रेतील श्वासरोध आणि रुग्णाच्या हातातील अ‍ॅप : रचनेविषयी काही विचार

प्रास्ताविक

पथ्यापथ्याची नोंद ठेवण्यास रुग्णास सांगावे आणि त्याने ती चार दिवस ठेवून पाचव्या दिवशी सोडून द्यावी, हा आपणां सर्वांचा जुना अनुभव आहे. आता रुग्ण वही आणीत नाही. तो मोबाईल पुढे करतो. त्यात पावलांची संख्या असते, वजनाचा आलेख असतो, झोपेचे तास असतात. नोंद सोपी झाली ही आनंदाची गोष्ट खरीच. परंतु नोंद सोपी झाली म्हणजे व्याधी समजली असे होत नाही. ही गोष्ट आम्हांस एका रुग्णाने शिकविली, आणि त्यातूनच प्रस्तुत लेखाचा विषय निघाला.

पंचेचाळिशीतील एक गृहस्थ. व्यवसाय मालवाहू टेम्पो चालविण्याचा. वजन ९८ किलो. लंघन, रूक्षोष्ण आहार, चालणे व गुग्गुळाचे कल्प अशी चिकित्सा सुरू केली. मुलाने मोबाईलमध्ये एक वजनाचे अ‍ॅप घालून दिले होते. चार महिन्यांत वजन ९१ किलोवर आले. आलेख उतरता, रुग्ण समाधानी आणि आम्हीही समाधानी. दुपारी फार झोप येते असे तो दर वेळी सांगे. दिवास्वाप वर्ज्य करा, असे आम्ही दर वेळी सांगत असू. एके पहाटे घाटाच्या अलीकडे त्याचा टेम्पो रस्ता सोडून खाली उतरला. सुदैवाने किरकोळ दुखापतीवर निभावले. पुढील खेपेस पत्नी बरोबर आली. ती म्हणाली, “डॉक्टरसाहेब, वजन उतरलं ते खरं, पण रात्री ह्यांचा श्वास मधेच थांबतो. मी हलवून जागं करते. तुम्ही कधी विचारलं नाहीत, म्हणून मी बोलले नाही.”

निद्रापरीक्षणात ताशी ३८ वेळा श्वासात अडथळा येत असल्याचे आढळले. अ‍ॅपने जे विचारले त्याचे उत्तर त्याने चोख दिले होते. जे विचारावयास हवे होते ते अ‍ॅपनेही विचारले नाही आणि आम्हीही नाही.

व्याधीचा विचार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अष्टौनिंदितीय अध्यायात स्थौल्य व निद्रा हे दोन्ही विषय एकत्र आले आहेत, हे आपणांस ज्ञात आहेच. माधवनिदानात मेदोरोगाच्या लक्षणांत क्षुद्रश्वास, अतिनिद्रा यांबरोबर क्रथन हे लक्षण येते. श्वासाचा अकस्मात अवरोध असा त्याचा अर्थ केला जातो. आज ज्यास स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात त्याच्याशी हे वर्णन किती जुळते, हे वेगळे सांगावयास नको.

आधुनिक शास्त्रानुसार निद्रेत कंठातील स्नायू शिथिल होतात. कंठाभोवती व जिव्हामूळी मेदाचा संचय असल्यास मार्ग अधिक अरुंद होतो व मिटतो. किमान १० सेकंद श्वास थांबल्यास तो एक श्वासरोध मानतात. रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू क्षणभर जागा होतो, श्वास सुरू होतो आणि रुग्णास यातील काहीही आठवत नाही. पूर्ण व अंशतः अडथळे मिळून ताशी ५ ते १४ असल्यास व्याधी सौम्य, १५ ते २९ असल्यास मध्यम आणि ३० वा अधिक असल्यास तीव्र समजतात. उच्च रक्तदाब, हृदयाची अनियमित गती, पक्षाघात व वाहन चालविताना येणारी डुलकी ही त्याची फळे होत.

येथे एक सूक्ष्म पण महत्त्वाचा मुद्दा आहे. स्थौल्यचिकित्सेत व्यायाम व चिंतन यांबरोबर प्रजागर क्रमाक्रमाने वाढविण्यास संहितेत सांगितले आहे, आणि मेदस्वी व कफप्रधान व्यक्तीस दिवास्वाप निषिद्ध मानला आहे. परंतु श्वासरोधाचा रुग्ण आठ तास अंथरुणात असूनही निजलेला नसतो. त्याचा प्रजागर रोज रात्री नकळत घडतच असतो. त्याची दुपारची झोप ही आळसाची सवय नव्हे, ते व्याधीचे लक्षण आहे. अशा रुग्णास झोप कमी करा असे सांगणे म्हणजे रिकाम्या मडक्यातून आणखी पाणी काढण्यासारखे आहे. शिवाय निद्रा अपुरी झाली की भूक वाढते. भूक वाढली की मेद वाढतो. मेद वाढला की कंठमार्ग अधिक मिटतो. म्हणून या दोन व्याधींसाठी दोन स्वतंत्र अ‍ॅप असणे हे मुळात चूक आहे, असे आमचे मत झाले आहे.

वजन उतरल्याने श्वासरोध कमी होतो हे निश्चित. अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे दीर्घकाळ चाललेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २००० मध्ये प्रसिद्ध झाला. वजन १० टक्के घटले असता श्वासरोधाचा निर्देशांक सरासरी २६ टक्के घटतो, तर १० टक्के वाढले असता तो सुमारे ३२ टक्के वाढतो, असे त्यात आढळले. आता हिशेब करावा. ज्याचा निर्देशांक ५० आहे त्याचे वजन १० टक्के उतरले तर निर्देशांक सुमारे ३७ वर येईल. आलेख उत्तम दिसेल, पण व्याधी तीव्रच राहील. आमच्या रुग्णाचे नेमके हेच झाले होते.

अ‍ॅपचा पहिला प्रश्न कोणता असावा?

पुढे आम्ही, एक औषधालयचालक मित्र व एक तरुण संगणक अभियंता यांनी मिळून आमच्या चिकित्सालयापुरते एक लहान अ‍ॅप तयार केले. त्या खटाटोपात जे शिकलो ते येथे क्रमाने मांडतो. ज्यांना स्वतः अ‍ॅप बनवावयाचे नाही, त्यांनाही रुग्णाने आणलेल्या अ‍ॅपची पारख करण्यास याचा उपयोग व्हावा.

प्रथम चाळणी. टोरांटो येथील फ्रान्सिस चुंग व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रश्नावलीचे पुढे स्टॉप-बँग हे आठ प्रश्नांचे रूप झाले. मोठ्याने घोरणे, दिवसा थकवा, कोणी श्वास थांबलेला पाहिला आहे काय, रक्तदाब, बीएमआय ३५ पेक्षा अधिक, वय ५० पेक्षा अधिक, गळ्याचा घेर ४० सेंटिमीटरपेक्षा अधिक आणि पुरुष असणे, असे ते आठ मुद्दे. तीन वा चार होकार आल्यास मध्यम व पाच वा अधिक आल्यास मोठी शंका धरतात. मात्र आपल्याकडे २००९ च्या तज्ज्ञसंमतीनुसार बीएमआय २५ पासूनच स्थौल्य मानले जाते. त्यामुळे ३५ चा आकडा गाठला नाही म्हणून निश्चिंत राहू नये. तद्वत लहान हनुवटी, वाढलेले टॉन्सिल वा अवटु ग्रंथीची मंदता असलेल्या कृश व्यक्तीसही ही व्याधी होते. वजन प्रमाणात आहे म्हणून अ‍ॅपने चाळणीचे प्रश्न गाळू नयेत.

मेलबर्न येथील मरे जॉन्स यांची १९९१ ची एपवर्थ मोजपट्टी दिवसाची झोपाळू अवस्था ० ते २४ गुणांत मोजते. १० पेक्षा अधिक गुण आल्यास पुढील तपास करावा. वाहनचालकाच्या बाबतीत आम्ही एक स्वतंत्र प्रश्न घातला : गेल्या महिन्यात वाहन चालविताना डोळा लागला काय? त्यास ‘होय’ असे उत्तर आल्यास इतर गुण न पाहता चिकित्सालयास त्याच दिवशी सूचना जाते, आणि तपास होईपर्यंत वाहन चालवू नये असे रुग्णास सांगितले जाते.

रचनेची सूत्रे

१) प्रश्न थोडे असावेत. आमच्या पहिल्या आवृत्तीत रोज चौदा प्रश्न होते. वैद्य म्हणून प्रत्येक प्रश्न आम्हांस आवश्यक वाटला होता. आठवड्याभरात बहुतेक रुग्णांनी ते सोडून दिले. ज्याची झोप पुरी होत नाही त्याची स्मृती व धीर दोन्ही उणे असतात, हे आम्ही विसरलो होतो. आता रोज तीनच प्रश्न आहेत : सकाळी उठल्यावर ताजेतवाने वाटले काय, काल काय व किती जेवलात, किती चाललात. वजन आठवड्यातून एकदा, सकाळी मलमूत्रविसर्जनानंतर. रोजच्या चढउताराने रुग्ण उगाच खचतो.

२) माप घरातले असावे. ग्रॅम व कॅलरी विचारल्या की उत्तर अंदाजे येते अथवा येतच नाही. किती भाकऱ्या, किती पोळ्या, किती वाट्या भात, तुपाचे किती चमचे, असे चित्र दाखवून विचारावे. गणित यंत्राने करावे. उपवासाच्या दिवसासाठी वेगळा कप्पा हवा. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे लाडू व बटाट्याचा कीस यांमुळे एकादशीचा आहार अनेकदा नित्याहून गुरू होतो, आणि रुग्ण मात्र लंघन केले असे समजतो.

३) भाषा रुग्णाची असावी. ‘सबमिट’ ऐवजी आम्ही आधी ‘जतन करा’ असे लिहिले. एका आजींनी सर्व उत्तरे भरून विचारले, “झालं का?” आम्ही कळीवर ‘झाले’ असे लिहिले. अक्षर मोठे असावे, रंग ठळक असावेत, लिहिण्याऐवजी बोलून उत्तर देण्याची सोय असावी. जुन्या मोबाईलवर व नेटवर्क नसतानाही नोंद व्हावी, आणि नेटवर्क येताच ती पुढे जावी.

४) घरच्या माणसाचा कप्पा असावा. श्वासरोधाचा साक्षीदार स्वतः रुग्ण नसतो. शेजारी निजणारी व्यक्ती असते. म्हणून आठवड्यातून एकदा पत्नी, पती अथवा मुलगा यांनी भरावयाचे दोन प्रश्न ठेवले : घोरणे कसे आहे, श्वास थांबलेला दिसला काय? अर्थात यास रुग्णाची संमती आधी घेतली पाहिजे. सर्व सुधारणांत ही एक सुधारणा आम्हांस अधिक मोलाची वाटते.

५) रात्री अ‍ॅपने मौन पाळावे. झोपेची नोंद करा अशी आठवण रात्री दहा वाजता येणे हा विनोदच होय. त्या निमित्ताने हातात घेतलेला मोबाईल तासभर खाली ठेवला जात नाही. सर्व आठवणी सकाळी याव्यात.

६) दोष देणारे शब्द नसावेत. लाल रंगात ‘आपण अयशस्वी ठरलात’ असे दाखविणारे अ‍ॅप रुग्ण काढून टाकतो. स्थूल व्यक्तीने घरीदारी पुष्कळ ऐकलेले असते. ‘काल नोंद राहिली, आज करू’ एवढे पुरे.

७) प्रत्येक धोक्याच्या उत्तरापुढे एक कृती असावी. नुसता आकडा दाखवू नये. आता काय करावयाचे ते एका वाक्यात सांगावे. चिकित्सालयाचा दूरध्वनी एका कळीवर असावा.

आवाज, घड्याळे व सीपॅप

उशाशी ठेवलेल्या मोबाईलने घोरण्याचा आवाज टिपणारी अ‍ॅप रुग्ण मोठ्या विश्वासाने दाखवितात. आपण ध्यानात ठेवावे की घोरण्याच्या आवाजापेक्षा दोन आवाजांमधील शांतता अधिक घातक असते, आणि नुसत्या आवाजावरून प्राणवायू किती घटला ते कळत नाही. सॅमसंग व अ‍ॅपल यांच्या घड्याळांतील श्वासरोधसूचक सोयींना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२४ मध्ये मार्ग मोकळा केला. तरीही ती सूचना आहे, निदान नव्हे. आणि सूचना आली नाही याचा अर्थ व्याधी नाही असाही होत नाही. निदान निद्रापरीक्षणानेच होते. त्यासाठी आपल्या नजीकच्या कान-नाक-घसा अथवा छातीविकार तज्ज्ञांशी वैद्याचा संबंध असावा.

मध्यम व तीव्र अवस्थेत सीपॅप हे यंत्र मुख्य उपाय ठरते. सिडनी येथील कॉलिन सुलिव्हन व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ते प्रथम मांडले. नाकावाटे सौम्य दाबाची हवा देऊन कंठमार्ग उघडा ठेवणे हे त्याचे कार्य. यंत्र गुणकारी आहे, पण ते रुग्णास रोज लावता आले पाहिजे. अमेरिकेतील मेडिकेअर या शासकीय विमा योजनेत सलग ३० दिवसांपैकी ७० टक्के रात्री किमान ४ तास वापर झाल्यास तो पुरेसा धरतात. रेसमेड कंपनीच्या मायएअर या अ‍ॅपमध्ये रोज १०० पैकी गुण मिळतात : वापराच्या तासांना ७०, मास्क घट्ट बसण्यास २०, श्वासरोधाच्या संख्येस ५ व मास्क वारंवार न काढण्यास ५. एकच आकडा असल्याने रुग्णास ते चटकन समजते, हा त्याचा मोठा गुण. मात्र गुण ९५ आले तरी श्वासरोध शिल्लक असू शकतो, हे या विभागणीवरून उघड आहे. वैद्याने गुण न पाहता मूळ संख्या पाहावी.

रुग्ण यंत्र सोडतो ते बहुधा पहिल्या काही आठवड्यांत. घसा कोरडा पडणे, नाकाच्या दांड्यावर व्रण, हवा गळणे, कोंडल्यासारखे वाटणे ही कारणे. म्हणून ‘का वापरले नाही?’ असे न विचारता ‘कोठे त्रास झाला?’ असे चित्र दाखवून विचारावे. सलग दोन रात्री यंत्र न लावल्यास चिकित्सालयातून माणसाचा दूरध्वनी जावा. यंत्राने पाठविलेल्या दहा संदेशांपेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो, असे आम्हांस आढळले.

औषधालयचालकांसाठी

झोप नीट होत नाही अशी तक्रार घेऊन येणारा रुग्ण अनेकदा प्रथम औषधालयातच येतो. तो घोरतो काय आणि श्वास अडतो काय हे विचारल्याखेरीज निद्राजनक कल्प देऊ नयेत. मद्य व निद्राजनक औषधे कंठाचे स्नायू अधिक शिथिल करून श्वासरोध वाढवू शकतात. आयुर्वेदीय कल्पांबाबतही सावधपणा इष्ट आहे. विशेषतः सर्पगंधा ही रक्तदाब उतरविणारी असल्याने रक्तदाबाच्या इतर औषधांबरोबर वैद्याच्या सल्ल्याविना जाऊ नये.

अ‍ॅपमध्ये सर्व औषधांची यादी ठेवण्याची जागा असावी. टिर्झेपॅटाइड या इंजेक्शनास अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये स्थौल्यासह असलेल्या मध्यम व तीव्र श्वासरोधासाठी मान्यता मिळाली, आणि २०२५ मध्ये ते स्थौल्य व मधुमेहासाठी भारतातही आले. रुग्ण ते घेत असेल तर त्याची भूक आधीच मंदावलेली असते. त्यावर तीव्र लंघन देऊ नये.

कायद्याच्या तीन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. पहिली, औषधे व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम १९५४ च्या परिशिष्टात स्थौल्याचा समावेश आहे; अ‍ॅपमधून ‘हमखास वजन घटविणारे’ औषध जाहीर करणे अंगाशी येऊ शकते. दुसरी, फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेनुसार १ एप्रिल २०२० पासून निदान वा उपचारासाठी असलेली सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरणांच्या नियमनात येतात. नोंदवही म्हणून अ‍ॅप ठेवणे वेगळे आणि त्याने निदान सांगणे वेगळे. तिसरी, डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ नुसार संमती स्पष्ट हवी, ती मराठीसारख्या अनुसूचित भाषेत वाचण्याचा पर्याय हवा, आणि मागे घेणेही देण्याइतकेच सोपे हवे. रुग्णाच्या झोपेची माहिती ही त्याच्या शयनगृहातील माहिती आहे. ती औषधविक्रीसाठी कोणाकडेही जाता कामा नये.

अ‍ॅपची परीक्षा

सुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० मध्ये असे मांडले की पाच जणांना वापरू दिले तरी रचनेतील बहुतेक दोष उघडे पडतात. हा प्रयोग कोणत्याही चिकित्सालयात करता येतो. पाच रुग्णांच्या हाती मोबाईल द्यावा, ‘कालचे जेवण नोंदवा’ एवढेच सांगावे आणि स्वतः गप्प बसावे. बोट कोठे अडखळते ते पाहावे. गप्प बसणे हाच यातील कठीण भाग. आम्ही पहिल्या दिवशी तीनदा बोललो. त्यानंतर जॉन ब्रुक यांची १९८६ मध्ये तयार झालेली दहा विधानांची सुलभता मोजपट्टी भरून घ्यावी. तिचे गुण ० ते १०० असतात व ६८ हे सरासरीचे मानतात. त्याखाली गुण आल्यास दोष रुग्णाचा नव्हे, रचनेचा समजावा.

उपसंहार

तो टेम्पोचालक आता यंत्र लावून निजतो. वजन आणखी थोडे उतरले आहे, दुपारची झोप आपोआप गेली आहे, आणि ती घालविण्यासाठी आम्हांस काही सांगावे लागले नाही. त्याच्या अ‍ॅपमध्ये पत्नीचे दोन प्रश्न आहेत. ती दर रविवारी ते भरते.

दर्शन, स्पर्शन व प्रश्न ही त्रिविध परीक्षा आपली. अ‍ॅपला दर्शन नाही व स्पर्शन नाही. त्याच्याजवळ केवळ प्रश्न आहे. तो प्रश्न योग्य असावा, थोडक्यात असावा आणि ज्याला उत्तर ठाऊक आहे त्यालाच विचारलेला असावा, एवढे पाहिले तरी पुष्कळ झाले. उरलेल्या दोन परीक्षा आपल्याच आहेत. पुढील आठवड्यात येणाऱ्या प्रत्येक स्थूल रुग्णाच्या गळ्याभोवती एकदा फीत लावावी आणि बरोबर आलेल्या माणसास रात्रीचे दोन शब्द विचारावेत, अशी सर्व वैद्यबंधूंस व भगिनींस आमची विनंती आहे.